छत्री नको, रेनकोट हवा

गेल्या जूनमध्ये कल्याणला आमच्या गटाची बैठक होती. अकरा जणी जमलो, त्यातल्या सात जणी कमरेपासून खाली चिंब. विषय होता शिबिराची तयारी, पण पहिला अर्धा तास ओढण्या पिळण्यात आणि पंख्याखाली कागद वाळवण्यात गेला. छत्री प्रत्येकीकडे होती. मी सहज विचारलं, रेनकोट किती जणींकडे आहे? तीन हात वर आले. आणि घरातल्या पुरुषांकडे? जिच्या घरी पुरुष आहे, तिच्या घरी रेनकोट आहे! एक मैत्रीण म्हणाली, "अगं, त्यांना बाहेर पडावं लागतं ना." ती स्वतः रोज बदलापूरहून निघते, दादरला गाडी बदलते आणि अंधेरीला नोकरीला जाते. बोलून झाल्यावर तिचं तिलाच हसू आलं.

मला मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. जूनचा खर्च आठवून पाहा. वह्या, गणवेश, मुलांचे रेनकोट, स्कूटर चालवणाऱ्याचा रेनकोट. आपल्या वाट्याला मागच्या वर्षीची छत्री, काडी बदलून आणलेली. छत्री वाईट असं मी म्हणत नाही. पण छत्रीला एक हात लागतो. बाईचा कुठला हात रिकामा असतो? एकात पिशवी, दुसऱ्यात मूल नाही तर लोकलचा दांडा. वारा आडवा आला की डोकं कोरडं, बाकी सगळी ओली.

ओलं राहणं ही किरकोळ गोष्ट नाही. ओल्या कपड्यांत आठ तास एसीत बसलं की जांघेत खाज सुटते, नायटा होतो. पाळीच्या दिवसांत तर विचारूच नका. डॉक्टरकडे जायला लाज आणि सांगायला त्याहून जास्त. शिवाय अंगाला चिकटलेले कपडे घेऊन फलाटावर उभं राहायचं, ते वेगळंच. हिंदी सिनेमानं नायिकेला इतकी वर्षं पावसात भिजवली आहे की भिजलेली बाई म्हणजे बघण्याची गोष्ट, असं कित्येकांना मनापासून वाटतं.

आपल्या आज्यांकडे याचं उत्तर होतं. कोकणात भातलावणीला इरलं घेत. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानं, डोक्यावरून पाठीवर उतरणारं. वाकून लावणी करणाऱ्या बाईच्या पाठीचाच आकार त्याला दिलेला, आणि दोन्ही हात मोकळे. आता बांधावर प्लास्टिकच्या कागदाच्या नाही तर खताच्या पोत्याच्या खोळी दिसतात. इरलं कामाकडे बघून बनवलेलं होतं. आजचे 'लेडीज रेनकोट' कशाकडे बघून बनवतात, मला कळलेलं नाही.

बैठकीनंतर मी एका दुकानात गेले. लेडीजच्या रांगेत गुलाबी, फुलाफुलांचे, घोट्यापर्यंत लांब कोट. पुढे चापबटणं, खिसा एक, तोही उघडा. जेंट्समध्ये जॅकेट आणि पँट, चेनवर झाकणपट्टी, आतला खिसा, टोपीला दोरी. मी विचारलं, असं बायकांसाठी नाही का? दुकानदार म्हणाला, "मॅडम, लेडीजना एवढा पाऊस थोडाच लागतो!" शेवटी जेंट्समधला लहान नंबर घेतला. खांदे उतरले, बाह्या बोटांवर आल्या आणि नितंबांवर इतका घट्ट की रिक्षात बसताना खालची चेन उघडावी लागते.

तेव्हापासून मी रेनकोटांच्या लेबलांचा नाद लावून घेतला आहे. कळलं ते सांगते. कापड पाणी अडवतं की नाही हे पाण्याच्या स्तंभावर मोजतात. १०,००० मिमी लिहिलं असेल तर १० मीटर उंच पाण्याच्या दाबाइतका दाब कापड सोसतं. एवढा दाब पावसाचा नसतो, पण पाठपिशवीचे पट्टे खांद्यावर रुततात, ओल्या सीटवर आपण बसतो, तिथे दाब पडतो. आकड्याला भुलू नका मात्र. पाणी शिरतं ते बहुधा शिवणीतून. कोट उलटा करून बघा. प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली हवी. पट्टी नसेल तर कापड कितीही भारी असो, शिवणी ठिबकणार.

जाड पीव्हीसीचा कोट स्वस्त, आणि पाणी पक्कं अडवतो. पण घामही अडवतो, आणि घड्यांवर तडकतो. नायलॉनवर पॉलियुरेथेनचा थर असलेला हलका, पिशवीत मावतो. तो ओलाच गुंडाळून ठेवला तर थर सुटून पापुद्रे निघतात. तिसरा प्रकार महागडा. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉन झटक्यात ताणून त्याला अतिसूक्ष्म छिद्रं पाडली. पाण्याचा थेंब आत येत नाही, घामाची वाफ बाहेर जाते. त्यातून गोअर-टेक्स आलं. ऐकायला छान आहे, पण वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. जुलैत आपल्याकडे आत काय नि बाहेर काय! तेव्हा 'श्वास घेणाऱ्या' कापडासाठी कर्ज काढू नका. काखेत उघडणारी चेन किंवा पाठीवर झाकलेली जाळी असलेला साधा कोट सह्याद्रीत जास्त उपयोगी पडतो, हे माझं मत. आणि थेंब घरंगळावेत म्हणून बाहेरून लावतात ती रसायनं बरेचदा फ्लोरिनची असतात, निसर्गात लवकर नष्ट न होणारी. त्यांच्याशिवायही कोट मिळतात, लेबल बघून घ्या.

लांबीचा प्रश्न मात्र लेबलावर सुटत नाही. ऑगस्टमध्ये आम्ही कोंदिवड्याकडून राजमाची चढलो. एक मैत्रीण तिचा तो घोटेबंद कोट घालून आली होती. उतरताना ओल्या दगडावर तिचा पाय कोटाच्या काठावर पडला, ती घसरली आणि मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. घरी काय ऐकावं लागलं असेल? "कशाला जायचं होतं डोंगरात?" कोटाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. डोंगरावर कमरेच्या थोडं खाली येणारं जॅकेट हवं, आणि आत सुती कुर्ता नको. सूत भिजलं की भिजलेलंच राहतं आणि माथ्यावरच्या वाऱ्यात हुडहुडी भरते. स्कूटरवरही जॅकेट-पँटच. पोंचो वाऱ्यानं फुगतो, चाकाकडे ओढला जाऊ शकतो. रंग भडक घ्या, संध्याकाळच्या पावसात ट्रकवाल्याला दिसायला हवं.

हे सारं सलवार-कमीज किंवा पँटवालीला ठीक. साडीवालीचं काय? "साडी सोडा" हा सल्ला द्यायला सोपा आहे. आमच्या गटातल्या दोन शिक्षिकांच्या शाळेत साडी सक्तीची आहे. त्यांना लांब कोटच लागणार, पण मागे पाऊल टाकण्यापुरती चुणी असलेला, आतून बांधता येणारा. तसा मला बाजारात अजून दिसलेला नाही.

आणि ज्यांना कोट मालकानं द्यायचा आहे, त्यांचं? २०१६ साली आलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांमध्ये कचरा हाताळणाऱ्या सर्व कामगारांना हातमोजे, बूट यांच्याबरोबर रेनकोट मिळतील हे पाहण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली होती. सर्व म्हणजे सर्व, कायम की कंत्राटी असं काही त्यात म्हटलेलं नव्हतं. मी ज्या सफाई कामगार बायांशी बोलते त्यांना कोट मिळाले ते ऑगस्ट संपताना, सगळे एकाच मापाचे. बाया तो कोट अंगावर नाही, डोक्यावरून घेतात आणि झाडतात. कंत्राटदाराच्या कागदावर वाटप पूर्ण! आपल्या मागणीपत्रांत "रेनकोट द्या" एवढंच लिहून भागणार नाही. बायकांच्या मापाचे, आणि मेच्या अखेरीस, असं लिहायला हवं.

आम्ही दरमहा शंभर रुपयांची भिशी सुरू केली आहे, फक्त कोटांसाठी. मापं घेऊन झाली. उल्हासनगरच्या एका शिंप्याला साडीवाला कोट समजावून सांगितला. कापायला तो तयार आहे, पण शिवणीवर पट्टी चिकटवायचं यंत्र त्याच्याकडे नाही. ते कुणाकडे आहे हे ठाऊक असेल तर मेच्या अंकाआधी पत्र टाका.