परकी कोण, हे ठरवतं कोण?

“हा काही आपला विषय नाही.” गेल्या वर्षभरात संघटनांच्या बैठकांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की त्याला एकदा लिहूनच उत्तर द्यावं असं ठरवलं. विषय असा आहे. वस्तीत पोलिस येतात, ‘बांगलादेशी’ म्हणून काही बायकांना गाडीत घालून नेतात. आणि हुंड्याच्या केससाठी रात्री दोन वाजता ठाण्यात जाऊन बसणाऱ्या आपण त्या दिवशी घरी राहतो. कोणी म्हणतं, हा देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. कोणी म्हणतं, आधीच आपल्या बायकांना काम मिळत नाही. एका जुन्या मैत्रिणीनं तर सरळ विचारलं, “तू त्यांची वकिली कशाला करतेस?”

तर आधी एक गोष्ट कबूल करून टाकते, म्हणजे वाद नीट घालता येईल. परदेशी माणसाला देशात येऊ द्यायचं की नाही, आलेल्याला परत पाठवायचं की नाही, हा अधिकार शासनाचा आहे. १९५५ साली हान्स म्यूलर या जर्मन माणसाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तो जवळजवळ अमर्याद असल्याचं सांगितलं. भारतात कुठंही राहण्याचा, वस्ती करण्याचा हक्क राज्यघटनेनं फक्त नागरिकांना दिला आहे. सीमा उघड्या टाका असं मी म्हणत नाही, आणि माझ्या ओळखीची कोणतीही कार्यकर्ती म्हणत नाही.

पण हा अमर्याद अधिकार चालतो कोणावर? परदेशी व्यक्तीवर. समोर उभी असलेली बाई परदेशी आहे हे आधी ठरलं पाहिजे. ते कोण ठरवतं, कशाच्या आधारावर, किती दिवसांत, तिचं ऐकून की न ऐकता? सगळा कायदा या एका पायरीवर येऊन थांबतो. आणि नेमकी हीच पायरी हल्ली ओलांडून जायची पद्धत पडली आहे. भाषा ऐकायची, नाव विचारायचं, लुंगी-बुरखा बघायचा, की ठरलं.

१९४६ चा परदेशी नागरिकांविषयीचा कायदा इंग्रज सरकारनं जाता जाता करून ठेवला. त्याची मुळं महायुद्धाच्या काळातल्या १९४० च्या कायद्यात होती, आणि वळणही त्याच काळातलं, म्हणजे संशयाचं. त्याच्या ९ व्या कलमात म्हटलं होतं, की आपण परदेशी नाही हे त्या व्यक्तीनं स्वतः सिद्ध करायचं. चोराच्या बाबतीतसुद्धा चोरी सरकारला सिद्ध करावी लागते. इथं मात्र उलट. २०२५ मध्ये हा कायदा रद्द झाला, त्याच्यासह आणखी तीन कायदे मोडीत काढून नवा एकच कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. पुराव्याचं ओझं मात्र तसंच्या तसं नव्या कायद्यात आणून ठेवलं. ऐंशी वर्षांत एवढी एकच गोष्ट सगळ्या सरकारांना जपून ठेवावीशी वाटली!

आता हे ओझं बाईच्या डोक्यावर कसं बसतं ते बघा. १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेल्याला जन्माचा पुरावा पुरतो. त्यानंतर जन्मलेल्याला आई-वडिलांपैकी एकजण भारतीय होता हेही दाखवावं लागतं. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्यांसाठी तर दुसरा पालक बेकायदा आलेला नव्हता हेसुद्धा. म्हणजे आज तिशीत असलेल्या बाईला स्वतःचा जन्म, आई-बापाचं नागरिकत्व आणि आपण त्यांचीच मुलगी असल्याचा दुवा, अशा तीन गोष्टी कागदावर दाखवायच्या आहेत. हा दुवा कुठून आणायचा? घरी बाळंतपण झालेलं, दाई वारलेली. शाळा चौथीत सुटली, किंवा नावच घातलं नव्हतं. पंधराव्या-सोळाव्या वर्षी लग्न. जमीन भावांच्या नावावर. रेशनकार्डावरून माहेरी नाव कमी झालं आणि सासरी चढलं ते नवऱ्याची बायको म्हणून.

आणि नाव तरी तेच राहतं का? आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहितात, सगळे कौतुकानं बघतात. बापाचं नाव गेलं, आडनाव गेलं, कधी स्वतःचंही गेलं. बंगाली मुसलमान घरात लग्नाआधीची खातून लग्नानंतर बीबी होते. हा आडनाव बदल नव्हे, नुसता रिवाज. पण चौकीतल्या माणसाला दोन कागदांवर दोन नावं दिसतात आणि तो म्हणतो, बनावट. ज्या व्यवस्थेनं बाईला स्वतःच्या नावानं कागद कधी करूच दिला नाही, तीच व्यवस्था आता तिच्याकडे कागद मागते आहे. याहून जास्त आपला विषय कोणता असतो?

कोणी म्हणेल, आधार कार्ड तर सगळ्यांकडे आहे. असेल. पण ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका जामीन अर्जावर स्पष्ट केलं, की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असल्यानं कोणी नागरिक ठरत नाही. कायद्याच्या काटेकोर अर्थानं ते चूक नाही. मग जन्मदाखला काढावा, तर २०२५ च्या जानेवारीत महाराष्ट्र शासनानं उशिरा केलेल्या जन्मनोंदणीचे दाखले देणंच थांबवलं, आणि मार्चमध्ये त्याचे नियम आणखी कडक केले. कारण सांगितलं बांगलादेशींचं. झळ कोणाला लागते? घरी जन्मलेल्या प्रत्येकीला. पारध्याच्या पालावर जन्मलेल्या मुलीला, ऊसतोडीच्या कोपीत जन्मलेल्या मुलीला.

आसाममध्ये हे सगळं मोठ्या प्रमाणावर घडून गेलं आहे. तिथं नागरिक नोंदणीच्या वेळी लग्न झालेल्या बायकांनी माहेराशी दुवा दाखवायला ग्रामपंचायत सचिवाचा दाखला दिला होता. असे लाखो दाखले होते, बहुतेक सगळे बायकांचे. फेब्रुवारी २०१७ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयानं ते एका फटक्यात निरुपयोगी ठरवले. त्याच डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं ते पडताळणी करून दुवा म्हणून धरता येतील असा निर्णय दिला, म्हणून त्या बायकांना निदान दारात उभं तरी राहता आलं. ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीतून १९,०६,६५७ माणसं बाहेर राहिली.

न्यायालयं नेहमीच धावून येतात असं मुळीच नाही. आसामपुरता एक वेगळा कायदा १९८३ मध्ये झाला होता, त्यात पुराव्याचं ओझं तक्रार करणाऱ्यावर होतं. तो २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच रद्द केला. तरीही शासनाच्या हाताला ज्या मर्यादा घातलेल्या आहेत त्या आपल्याला तोंडपाठ हव्यात, कारण ठाण्यात त्याच कामाला येतात.

जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देणाऱ्या २१ व्या कलमात ‘नागरिक’ हा शब्दच नाही, ‘व्यक्ती’ हा आहे. २२ वं कलम सांगतं, की अटक केलेल्या व्यक्तीला कारण सांगा, वकील भेटू द्या, २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करा. यातून प्रतिबंधक स्थानबद्धता वगळली आहे, आणि वगळला आहे तो फक्त शत्रुराष्ट्राचा नागरिक. घटना लिहिणाऱ्यांच्या मनात फाळणी ताजी होती, निर्वासितांचे तांडे डोळ्यांपुढून जात होते, आणि तरी त्यांनी इतर परदेशी माणसाला हे संरक्षण नाकारलं नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

१९९८ मध्ये हावडा स्टेशनच्या यात्री निवासात एका बांगलादेशी बाईवर सामूहिक बलात्कार झाला, आरोपींत रेल्वेचे कर्मचारी होते. कलकत्त्यातल्या एका वकील बाईंनी उच्च न्यायालयात धाव घेतली, दहा लाखांची भरपाई मंजूर झाली. रेल्वे सर्वोच्च न्यायालयात गेली आणि म्हणाली, ती परदेशी आहे, तिला घटनेचे हक्क कुठले? जानेवारी २००० मध्ये न्यायालयानं उत्तर दिलं, की २१ वं कलम तिचंही आहे. या निकालाबद्दल आपल्या शिबिरांत कधीच बोललं जात नाही. मथुरा आणि भंवरीदेवीच्या शेजारी तो शिकवला गेला पाहिजे.

त्याआधी १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांना स्थानिक संघटनांनी निघून जाण्याच्या नोटिसा दिल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं राज्य सरकारला त्यांच्या जिवाचं रक्षण करायला लावलं. कायद्याच्या मार्गाखेरीज त्यांना हलवायचं नाही असं बजावलं. आणि जुलै २०२४ मध्ये, आसाममधल्याच एका प्रकरणात, त्या कुप्रसिद्ध ९ व्या कलमालाही लगाम घातला. रस्त्यावरून कोणालाही उचलून ‘सिद्ध कर’ असं म्हणता येणार नाही, संशयाला काही आधार हवा, तो त्या माणसाला दाखवला पाहिजे, आणि नावाच्या स्पेलिंगमधले, वयातले किरकोळ फरक म्हणजे परकेपणाचा पुरावा नव्हे. ज्याच्या अर्जावर हा निकाल आला तो माणूस तोवर मरून गेला होता.

इतकं सगळं असताना २०२५ च्या जूनमध्ये काय झालं? मुंबई परिसरातून पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर थेट सीमेपलीकडे ढकलले गेले. त्यांच्या राज्यानं कागद दाखवल्यावर त्यांना परत घ्यावं लागलं. त्याच महिन्यात दिल्लीतून बीरभूम जिल्ह्यातल्या एका गरोदर बाईला, तिच्या नवऱ्याला आणि लहान मुलाला असंच पलीकडे घालवलं. तिथल्या पोलिसांनी त्यांना घुसखोर म्हणून तुरुंगात टाकलं! केंद्राच्या स्वतःच्या मे महिन्यातल्या सूचनेप्रमाणे संशयिताच्या मूळ राज्याकडून पडताळणी करून घ्यायला ३० दिवस होते. इथं काही दिवसांतच सगळं उरकलं. सप्टेंबरमध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं या घाईवर ताशेरे ओढले, हद्दपारी रद्द केली आणि त्यांना परत आणायला सांगितलं. केंद्र सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबरमध्ये ती बाई आणि तिचा मुलगा परत आले ते कशाच्या जोरावर, तर सरकारनं ‘माणुसकीच्या नात्यानं’ तयारी दाखवली म्हणून. हक्काचं रूपांतर उपकारात करायची ही जुनी युक्ती आपण पोटगीच्या खटल्यांत रोज बघतो.

आणि मुंबईला हे नवीन नाही. जुलै १९९८ मध्ये पोलिस बांगलादेशी ठरवलेल्या लोकांना कुर्ला-हावडा गाडीनं नेत होते, तेव्हा उलुबेरिया स्टेशनात जमावानं त्यांना सोडवलं. हे आमचे लोक आहेत, असं बंगालचं म्हणणं होतं. तेव्हाही प्रश्न हाच होता, की ठरवलं कोणी?

आता कामाच्या मुद्द्याबद्दल, कारण तो प्रामाणिकपणे मांडला जातो. स्वस्तात राबणारी बाई दुसरीची मजुरी पाडते, हे खरं आहे. पण ती स्वस्तात का राबते? माझ्या सल्ला केंद्रात बंगाली बोलणाऱ्या बायका येतात, बहुतेक घरकाम करणाऱ्या, काही जरी-टिकल्यांचं काम करणाऱ्या. मालकिणीनं दोन महिन्यांचा पगार बुडवला तरी त्या तक्रार करत नाहीत. नवरा मारतो, आणि वर म्हणतो, “गेलीस पोलिसांत तर सांगीन, ही तिकडची आहे.” तिचे कागद त्याच्याच पेटीत असतात. त्यातल्या कित्येक जणी नदिया-मुर्शिदाबादच्या, पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच. धमकी तरीही चालते. ठेकेदाराला, नवऱ्याला आणि हप्ता मागणाऱ्याला ही भीती हवीच आहे. बाईचा पगार वाढायचा तर आधी ही भीती उतरवावी लागेल.

समजा, ती खरंच सीमेपलीकडून आली आहे. तरी ती कशी आली हे विचारायला नको? नोकरीच्या आमिषानं आणून विकलेल्या मुली छाप्यात सापडतात आणि त्यांच्यावरच बेकायदा प्रवेशाचा गुन्हा दाखल होतो. १ मे २०१२ ला केंद्रीय गृहखात्यानं राज्यांना लेखी कळवलं आहे, की अशी बाई स्वतःच्या मर्जीनं आलेली नाही असं चौकशीत दिसलं तर तिच्यावर या कायद्याखाली खटला चालवू नये. हे पत्र माहीत असलेला अधिकारी मला अजून एकच भेटला.

म्हणून माझं म्हणणं आहे, की ज्या दिवशी वस्तीत गाडी येईल त्या दिवशी आपल्यापैकी दोघींनी ठाण्यात जावं. ही बाई भारतीय आहे अशी ग्वाही आपण द्यायची नाही, ते आपलं काम नव्हे. आपण एवढंच विचारायचं, की संशयाचा आधार काय, आणि तो तिला तिच्या भाषेत सांगितला का. सूर्यास्तानंतर बाईला उचललं असेल तर महिला अधिकारी कुठे होती आणि न्यायदंडाधिकाऱ्याची परवानगी कुठे आहे? कोठडीवर बाई पहारेकरी आहे का? १९८३ मध्ये पत्रकार शीला बर्से यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्याच कोठड्यांसाठी हे घालून दिलेलं आहे. २४ तास कधी संपतात ते घड्याळ बघून लिहून घ्यायचं. आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज तिथल्या तिथे भरायचा. १९८७ च्या त्या कायद्यात स्त्रीला उत्पन्नाची अट नाही, आणि नागरिकत्वाचा रकानाही नाही. फॉर्मवर कारकुनानं आधार क्रमांक मागितला तर तेवढी जागा कोरी ठेवून सही घ्यायची, पोच मागायची.