आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

वैद्याच्या दारात पोचताच ताप उतरावा, अशी काही दुखणी असतात. यंत्रांनाही ती होतात.

माझा भाचा जर्मनीत असतो. त्याच्याकडे १९७२ सालची फोक्सवॅगन आहे. मागे इंजीन, आत पलंग, शेगडी, फडताळ. थोडक्यात, चाकांवरचे बिऱ्हाड. आक्काला, म्हणजे त्याच्या आईला, पाठीमुळे तासाभराहून अधिक बसवत नाही, म्हणून ही पलंगाची गाडी. सकाळी किल्ली फिरवताच ती सुरू होई. पण दोन तास धावून कुठे थांबली, की किल्लीला नुसते 'टक्' एवढेच उत्तर! अर्धापाऊण तास निवली, की पुन्हा शहाणी.

गॅरेजवाल्याने आधी कार्ब्युरेटर बदलला, मग बॅटरी. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! गेल्या उन्हाळ्यात मी तिकडे असताना भाचा म्हणाला, "मामा, विकूनच टाकतो." आक्का काही बोलली नाही, पण गाडीबरोबर तिचे फिरणेही संपणार, हे सर्वांना कळत होते.

शेजारच्या पेन्शनर इलेक्ट्रिशियन आजोबांनी एकच प्रश्न विचारला : "इंजीन फिरते पण पेटत नाही, की फिरतच नाही?"

वाचकहो, निम्मे निदान या प्रश्नातच आहे. फिरून पेटत नसेल, तर उष्णतेने पेट्रोलची वाफ होते का ते पाहावे. फिरतच नसेल, तर वीज तपासावी. या गाडीत बॅटरी आणि स्टार्टर मागे, किल्ली मात्र पुढे. किल्लीची वीज मागून पुढे येते आणि पुन्हा मागे जाते. वाटेतल्या जुन्या, गंजलेल्या सांध्यांत तिचा जोर सरतो. त्यात तांबे २५ अंशांनी तापले, की त्याचा विरोध सुमारे १० टक्के वाढतो. आणि स्टार्टर तर इंजिनाच्या कुशीतच! दोष बनावटीचा नव्हे, वयाचा.

आजोबांनी गाडी तापलेली असतानाच, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, किल्ली फिरवायला लावली आणि मोजले. बॅटरीवर १२ व्होल्ट. किल्लीकडून स्टार्टरला येणाऱ्या तारेवर जेमतेम ८. त्यांनी अर्थिंगची पट्टी घासून लख्ख केली आणि स्टार्टरजवळ एक रिले व फ्यूज बसवला. आता किल्लीने रिलेला फक्त खूण करायची. वीज बॅटरीकडून आखूड, जाड तारेने थेट जाते.

मोजणी गरम गाडीवरच करावी, एवढे मात्र ध्यानात ठेवा. थंड गाडी खोटी साक्ष देते.

मजुरी म्हणून आजोबांनी पुरणपोळ्या घेतल्या. आक्काने त्या स्वतः केल्या, आणि वाढता वाढता भाच्याला विचारले, "रविवारी कुठे जायचे रे?"