दोरीचे दुसरे टोक

‘कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच’ ही म्हण आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी लहानपणापासून ऐकली असेल. म्हण खरोखर मनुष्यस्वभावाविषयी आहे. परंतु तिच्या योगाने कुत्र्याविषयीही असा एक ग्रह दृढ होऊन बसला आहे की, हे जनावर जसे जन्मले तसेच राहावयाचे, त्यास वळण म्हणून लागावयाचे नाही. या ग्रहाचे फळ कर्जत, नेरळ, खोपोली यांपैकी कोणत्याही गावच्या रस्त्यावर सायंकाळी पाहावयास मिळते. पुढे कुत्रे, त्याच्या गळ्यात पट्टा, पट्ट्यास साखळी, आणि साखळीच्या मागे अंग मागे टाकून फरफटत चाललेला त्याचा धनी. कुत्र्याच्या घशातून घरघर ऐकू येते, धन्याचा हात खांद्यातून निखळतो की काय असे वाटते, आणि कोण कोणास फिरावयास नेत आहे हे पाहणाऱ्यास कळत नाही. लोक हसतात, आणि धनीही ओशाळून म्हणतो, ‘काय करावे, याची जातच अशी!’

आमचे मत याहून भिन्न आहे. कुत्रे दोरी ओढते यात जातीचा दोष थोडा आणि शिकवणुकीचा पुष्कळ असतो. आणि ती शिकवणूक, नकळत का होईना, आपणच त्यास रोज देत असतो. हे मत येथे सविस्तर मांडण्याचे कारण असे की, ही गोष्ट वाटते तितकी हसण्यावारी नेण्याजोगी नाही. चौक, खालापूर, खोपोली या बाजूच्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर मालमोटारींची वर्दळ असते. अशा रस्त्याच्या कडेने दहा-बारा वर्षांचे मूल दांडग्या कुत्र्याची साखळी मनगटास गुंडाळून चालले असता समोरून एखादे मांजर आडवे गेले, तर काय अनर्थ ओढवेल हे सांगावयास नको. म्हाताऱ्या माणसाला तर एकच हिसका पुरतो. शिवाय जे कुत्रे फार ओढते त्यास बाहेर नेण्याचा सर्वांस कंटाळा येतो. मग ते दिवसभर खुंट्यास राहते, आणि खुंट्यास राहिल्यामुळे पुढल्या खेपेस अधिकच ओढते. हे दुष्टचक्र अनेक घरांत चालू आहे.

तर मग कुत्रे ओढते का? पहिले कारण अगदी साधे आहे. त्याची स्वाभाविक दुडकी चाल आपल्या पायचालीहून जलद असते, आणि त्याचे नाक आपल्या नाकाहून अनेक पटींनी तीक्ष्ण असते. वाटेवरील जो खांब आपणांस नुसता खांब, तो त्यास गावच्या चावडीसारखा असतो; कोण आले, कोण गेले, ओळखीचे की परके, ही सारी वार्ता तेथे त्यास मिळते. तिकडे धाव घेण्यात त्याचा उद्धटपणा नाही. दुसरे कारण आपल्या शेतकरी बांधवांस चांगले ठाऊक आहे. शेळीस दाव्याने पुढे ओढा, ती चारही पाय रोवून मागे रेटा देते. जिकडून ओढ लागते त्याच्या उलट दिशेस बळ लावणे हा पुष्कळ प्राण्यांचा स्वभाव आहे. आपण कुत्र्यास मागे खेचतो, म्हणून ते अधिक पुढे खेचते. म्हणजे ताणलेल्या दोरीतील निम्मे बळ आपलेच असते. कर्जत स्थानकात पुण्याकडे जाणाऱ्या आगगाड्यांस बोरघाट चढण्यासाठी मागून जादा एंजिने जोडतात हे आमच्या विद्यार्थ्यांनी पाहिले असेलच. तेथे पुढचे व मागचे बळ एकाच दिशेस लागते म्हणून गाडी चढते. कुत्रे आणि धनी यांचे बळ एकमेकांविरुद्ध खर्ची पडते, आणि दोघेही थकून घरी येतात.

परंतु तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे होय. ज्या शेतात अजून बैलाचा नांगर चालतो तेथे तरण्या खोंडास जुवाची सवय कशी लावतात ते पाहावे. खोंड जुवावर मान टाकून रेटा देतो, नांगर पुढे सरकतो, आणि रेटा दिला म्हणजे काम होते हे त्यास उमगते. उत्तरेकडील हिमप्रदेशांत कुत्र्यांसही अशाच रीतीने घसरगाड्या ओढावयास शिकवितात. १९२५ साली अलास्कातील नोम या गावी घटसर्पाची साथ आली असता भर हिवाळ्यात कुत्र्यांच्या गाड्यांनी टप्प्याटप्प्याने औषध पोहोचविले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. तेथे ओढणे हा सद्गुण ठरला. आपण कुत्र्यास कधी घसरगाडीस जुंपीत नाही. तथापि ते दोरी ताणते, आणि आपण एक पाऊल पुढे टाकतो. त्याच्या दृष्टीने ओढले की धनी चालतो, खांब जवळ येतो, मैदान जवळ येतो. आपले प्रत्येक पाऊल ही त्याच्या ओढण्याची मजुरी होय. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक याने १८९८ साली पिंजऱ्यातील मांजरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध करून दाखविले की, ज्या कृतीचा शेवट गोड होतो ती कृती प्राणी पुनःपुन्हा करतो. कुत्र्याची ओढ हे याच नियमाचे उदाहरण आहे.

यावर कोणी म्हणेल की, आम्ही तर पुष्कळदा थांबतो, तरी ते सुधारत नाही. येथेच खरी मेख आहे. नऊ वेळा थांबावयाचे आणि दहाव्या वेळी ‘आज उशीर झाला, जाऊ दे’ म्हणून त्याच्यामागे ओढले जावयाचे, असे आपण करतो. बी. एफ. स्किनर (१९०४–१९९०) याने प्रयोगांनी दाखविले आहे की, अधूनमधून फळणारी सवय नेहमी फळणाऱ्या सवयीपेक्षा अधिक चिवट होते. ज्या घरात मुलाचा हट्ट कधी पुरवितात आणि कधी नाही, त्या घरातील हट्ट सर्वांत दांडगा का असतो, याचा उलगडा आमच्या पालकवर्गास यावरून होईल.

पुष्कळांचा भरवसा धाकावर असतो. साखळीस जोराचा हिसका द्यावा, काट्यांचा पट्टा बांधावा, प्रसंगी छडी उगारावी, म्हणजे जनावर सरळ चालते असे ते म्हणतात. हे मत नवे नव्हे. जर्मनीत कॉनराड मोस्ट याने १९१० साली कुत्र्यांच्या शिक्षणावर जे पुस्तक लिहिले त्यात या सक्तीच्या रीतीस मोठे स्थान होते. हिसक्याने कुत्रे त्या क्षणी थांबते हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ते त्याच क्षणी आणखी काय शिकते, हा प्रश्न आहे. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह याने दाखविले की, दोन गोष्टी वारंवार एकत्र घडल्या म्हणजे कुत्र्याचे मन त्यांची सांगड घालते. समोरून येणाऱ्या लहान मुलाकडे कुत्रे कुतूहलाने पाहते आणि नेमकी त्याच वेळी त्याच्या मानेस कळ लागते. असे दहा-वीस वेळा झाले म्हणजे ‘मूल दिसले की दुखते’ एवढेच त्याच्या ध्यानी राहते. पुढे ते मुलावर गुरगुरले तर आपण त्यास दुष्ट ठरवितो. ब्रिटनमध्ये कुत्री पाळणाऱ्यांची जी पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली तीत असे आढळले की, बक्षिसाने शिकविलेली कुत्री अधिक आज्ञाधारक होती, आणि जेथे शिक्षा अधिक तेथे खोडीही अधिक होत्या. शरीराचा विचारही सोडता येत नाही. गळपट्ट्याविरुद्ध ओढ घेतल्याने कुत्र्याच्या डोळ्यांतील दाब वाढतो, छातीवरील पट्ट्याने तसा वाढत नाही, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले.

आता उपायाकडे वळू. प्रथम साधने. सुमारे सहा फुटांची साधी, मजबूत दोरी घ्यावी. लोखंडी साखळी जड असते आणि हातास काचते. दोरी मनगटास कधीही गुंडाळू नये. गळपट्ट्याऐवजी छातीवर बसणारा आणि पुढच्या बाजूस कडी असलेला पट्टा वापरावा. म्हणजे कुत्र्याने ओढ घेताच त्याचे अंग आपणाकडे वळते. पाठीवरच कडी असलेला पट्टा हा त्यास जुवासारखा सोयीचा होतो, म्हणून ओढणाऱ्या कुत्र्यास तो आरंभी घालू नये.

धड्यास प्रारंभ घरच्या अंगणात करावा, रस्त्यावर नव्हे. नियम एकच: दोरी सैल असेल तर चालावयाचे, ताणली की जागच्या जागी उभे राहावयाचे. मागे खेचू नये, ओरडू नये. कुत्रे क्षणभर ओढून पाहील. मग केव्हा ना केव्हा मागे वळून पाहील किंवा एक पाऊल मागे येईल. दोरी सैल पडताच त्यास शाबासकी द्यावी आणि लगेच पुढे चालावे. आपल्या गुडघ्याजवळ ते चालत असता उकडलेल्या अंड्याचा किंवा कोंबडीच्या मांसाचा हरभऱ्याएवढा तुकडा तेथेच द्यावा. कांदा, मनुका, चॉकलेट हे पदार्थ मात्र कुत्र्यास विषारी आहेत, ते कदापि देऊ नयेत. सैल दोरीने खांबापर्यंत आले तर तो खांब मनसोक्त हुंगू द्यावा. त्यास याहून मोठे बक्षीस नाही. ज्या गोष्टीसाठी ते ओढत होते तीच गोष्ट न ओढता मिळते, हे त्यास कळणे हाच सारा धडा होय.

पहिले काही दिवस दारापासून फाटकापर्यंतच मजल जाईल. कदाचित ओढ प्रथम वाढेलही. नेहमीचे दार उघडेनासे झाले म्हणजे मनुष्यही आधी अधिक जोराने ढकलतो आणि मगच हात काढून घेतो. अशा वेळी धीर सोडून चार पावले पुढे गेलो, तर अधिक जोराने ओढावे हेच आपण शिकविले असे होईल. दहा-दहा मिनिटांचे दोन पाठ रोज पुरेत. तेही सकाळी व सायंकाळी, कारण चैत्र-वैशाखाच्या दुपारी डांबरी रस्त्याने कुत्र्याचे पंजे पोळतात. आपल्या हाताची मागली बाजू रस्त्यास लावून पाहावी. आपणांस सोसवत नसेल तर त्यासही सोसत नाही. अंगणानंतर शांत गल्ली, गल्लीनंतर रस्ता, रस्त्यानंतर बाजार असा क्रम ठेवावा. माथेरानच्या तांबड्या वाटा, जेथे पावलोपावली घोडे आणि माकडे भेटतात, ही शेवटली परीक्षा समजावी. आणि घरातील सर्वांनी हाच नियम पाळावा. वडील थांबतात, आई थांबते, पण दादा मात्र कुत्र्यामागे धावत सुटतो, अशा घरी कोणाचीच शिकवणूक फळत नाही.

एवढे सांगूनही आमचा मुख्य मुद्दा राहतोच. आमच्या या दोन तालुक्यांत अलीकडे शेतघरे पुष्कळ झाली आहेत, आणि राखणीसाठी तेथे कुत्री बांधलेली असतात. जे कुत्रे सोमवारपासून शुक्रवारपर्यंत खुंट्यास आहे त्यास शनिवारी सोडून ‘नीट चाल’ म्हणणे हा न्याय नव्हे. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचे अकरावे कलम, जनावरास अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्यास वाजवी हालचाल न मिळू देणे, हे दोन्ही गुन्हे मानते. वाडीवरची कुत्री धन्याच्या मागोमाग दिवसभर रानात हिंडतात. त्यांच्या पायांचे आणि नाकाचे समाधान आपोआप होते. म्हणून कुत्री रस्त्यावर मोकळी सोडावी असे आमचे म्हणणे नाही. वाहनांचे भय, परक्याच्या कोंबड्या-शेळ्या, आणि पिसाळण्याचा रोग, हे पाहता दोरी आणि रेबीजची लस दोन्ही आवश्यकच आहेत. परंतु कुंपणाच्या आत त्यास रोज घटकाभर मोकळे धावू द्यावे आणि मग दोरी लावावी, म्हणजे निम्मे काम झालेले असेल.

‘आम्हांस इतका वेळ कोठे?’ असे कोणी विचारील. त्यांस आमचे नम्र सांगणे असे की, ज्यांस रोज अर्धा तास देणे शक्य नाही त्यांनी कुत्रे पाळू नये. राखणीसाठी दिवा आणि कुलूप मिळते.

पालकांस आमची विनंती आहे की, कुत्रे सैल दोरीने चालू लागल्यावाचून ती दोरी मुलाच्या हाती देऊ नये. हे शिकविण्याचे काम आधी मोठ्यांचे आहे. आणि विद्यार्थिमित्रांस सांगणे असे की, येत्या सुटीत घरी किंवा शेजारी एखादे ओढरे कुत्रे असेल, तर वडील माणसांच्या देखत अंगणात हा प्रयोग करून पाहावा, आणि ते दारापासून फाटकापर्यंत न ओढता कितव्या दिवशी आले हे वहीत लिहून ठेवावे. त्या वहीत आपण स्वतः किती वेळा धीर सोडला याचाही एक रकाना असावा.