बोल्ट जुना की ताणलेला?

जुनी वस्तू टाकून देताना आपल्याकडच्या माणसाचा हात जड होतो. फुटक्या घागरीत तुळस लावावी, विटक्या लुगड्याची गोधडी शिवावी, हा आपला संसार. तेव्हा इंजिनातून काढलेला, दिसायला धडधाकट बोल्ट फेकून द्या असे कोणी सांगितले, तर ती उधळपट्टीच वाटणार! परंतु भूमसारख्या गावात हा प्रश्न नुसत्या वादाचा नाही. इथला खवा दूरदूरच्या बाजारांत जातो आणि दिवाळीत त्याला उसंत नसते. बालाघाटच्या चढावर टेंपो तापला, हेड उतरवावे लागले, की मिस्तरी काढलेले बोल्ट डिझेलच्या डब्यात टाकतो आणि मालक विचारतो, "हेच बसतील ना?" खवा थांबत नाही आणि कर्जाचा हप्ताही थांबत नाही.

या प्रश्नाचे उत्तर बोल्टच्या वयात नसून त्याने सोसलेल्या ताणात आहे. बोल्ट ही खरे तर एक कडक स्प्रिंगच. आवळला की तो केसभर लांबतो आणि मागे येण्याच्या ओढीने हेड दाबून धरतो. जितका ताण तितकी लांबी वाढते, हा नियम रॉबर्ट हूकने १६७८ साली मांडला. ताण सोडला की मूळ लांबी परत येते. मात्र हे एका मर्यादेपर्यंतच. जुन्या इंजिनांचे जाड बोल्ट बहुधा या मर्यादेच्या आत आवळलेले असत. विहिरीवरच्या डिझेल इंजिनांवर हात बसलेल्या मिस्तरींनी तेच बोल्ट पुन्हा वापरले, यात त्यांचे काही चुकले नाही.

पुढे अ‍ॅल्युमिनियमची हेडे आली आणि रीत पालटली. पान्यावर लावलेल्या जोरातला सुमारे नऊ दशांश भाग घर्षणातच जातो. आटे कोरडे की तेलकट, एवढ्यानेही हिशेब चुकतो. म्हणून पुष्कळ इंजिनांत आधी टॉर्क पान्याने ठराविक जोर द्यायचा आणि मग बोल्ट ९० अंशांसारख्या मोजक्या कोनात फिरवायचा, अशी पद्धत आहे. यांतले बरेच बोल्ट मुद्दाम त्या मर्यादेपलीकडे नेतात, म्हणजे सगळ्यांची पकड सारखी बसते. तुटेपर्यंत ताणू नये, असे आपण म्हणतो; पण तुटण्याच्या अलीकडे आणि परतीच्या पलीकडे ताणलेल्याचे काय करावे, हे ती म्हण सांगत नाही. तसा बोल्ट पुन्हा आवळला तर पकड सैल पडते किंवा तो तुटतो. मग गॅस्केट गळते, पाणी तेलात उतरते आणि हेड वाकते. कनेक्टिंग रॉडचा बोल्ट तर त्याहून जोखमीचा. मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर इंजिन सेकंदाला ५० वेळा फिरते. तिथे बोल्ट तुटला तर रॉड ब्लॉकला भोक पाडून बाहेर येऊ शकतो.

म्हणून सगळेच बोल्ट बदलावेत काय? मुळीच नाही. झाकणांचे, पट्ट्यांचे साधे बोल्ट आटे शाबूत असतील तर खुशाल वापरावेत. हेडच्या बोल्टांसाठी मात्र कंपनीचे पुस्तक उघडावे. काही ठिकाणी नवेच घाला असे लिहिलेले असते, काही ठिकाणी व्हर्नियरने लांबी मोजण्याची मर्यादा दिलेली असते. नट हाताने फिरवताना मध्येच अडला किंवा बोल्टची कंबर बारीक दिसली, तर मोजण्याचीही गरज नाही.

आणि नवा म्हणजे चांगला, असेही नव्हे. डोक्यावर १०.९ असेल तर तो बोल्ट चौरस मिलिमीटरला सुमारे १,००० न्यूटन ताण सोसतो आणि त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत कायमचा लांबत नाही. त्या जागी बिनखुणेचा चकचकीत बोल्ट बसवणे म्हणजे पैसे देऊन संकट घेणे होय.

इंजिन पुन्हा बसले की दोष मिस्तरीच्या माथी येतो. परंतु "जुनेच चालव" हे पुष्कळदा मालकाचेच शब्द असतात. तेव्हा वाचकहो, हेड उतरवण्यापूर्वीच खर्चाचा कागद मागून घ्या आणि गॅस्केटच्या खाली बोल्टांची ओळ आहे की नाही, ते पाहा.