संगणकाची देवडी

आमच्या घरी संगणक एकच आहे आणि तो चौघांच्या वापरात असतो. यंत्र जुने, म्हणून त्यावर डेबियन लिनक्स व एक्सएफसीई हे हलके डेस्कटॉप बसवले आहे. आईचे वय पंचाहत्तर. ती रोज सकाळी तासभर आपल्या माहेरच्या आठवणी टंकित करते. तिला पासवर्डाचा त्रास नको, या सद्हेतूने मी संगणक सुरू होताच तिचे खाते आपोआप उघडेल अशी योजना केली. दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माझ्या लिखाणाला कुलूप नको, हे तूच कसे ठरवलेस?"

मला उत्तर सुचले नाही. यंत्र कोणीही सुरू केले तरी तिची वही सर्वांपुढे उघडत होती, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. शिवाय ब्राउझर उघडला की तो पुन्हा पासवर्ड मागे. त्याचे कारण असे : साठवलेले पासवर्ड कीरिंग नावाच्या पेटीत असतात आणि ती पेटी प्रवेशाच्या वेळी दिलेल्या पासवर्डानेच उघडते. आपोआप प्रवेशात पासवर्ड दिलाच जात नाही, म्हणून पेटी बंदच राहते. म्हणजे सोयही झाली नव्हती.

येथे लॉगिन मॅनेजर म्हणजे काय ते थोडे सांगितले पाहिजे. जुन्या वाड्याच्या देवडीवरील पहारेकऱ्याचेच काम तो करतो. नाव विचारतो, पासवर्ड पॅम या तपासणी-व्यवस्थेकडे पडताळणीस देतो आणि ओळख पटली की त्या व्यक्तीचे डेस्कटॉप सुरू करून स्वतः बाजूला होतो. वाडा वेगळा आणि पहारेकरी वेगळा, म्हणूनच लिनक्समध्ये त्याची निवड करता येते. ही कल्पना जुनी आहे. एक्स विंडोसाठी एक्सडीएम १९८८ मध्येच आला होता. पुढे ग्नोमने जीडीएम काढला, केडीईने केडीएम. प्लाझ्मा ५ पासून केडीईच्या घरी केडीएमची जागा एसडीडीएमने घेतली. एक्सएफसीईने मात्र स्वतःचा पहारेकरी कधी ठेवलाच नाही; तेथे बहुधा लाइटडीएम दिसतो.

वाचकहो, ज्यांच्याकडे ग्नोम आहे त्यांनी जीडीएम बदलण्याच्या भरीस पडू नये. ग्नोममधील पडदा कुलूपबंद करण्याची सोय जीडीएमवरच अवलंबून आहे. दुसरा पहारेकरी नेमला तर आत प्रवेश मिळतो, परंतु मधेच उठून जाताना कुलूप लागत नाही. उबुंटूने २०११ मध्ये लाइटडीएम स्वीकारला होता. २०१७ मध्ये ग्नोमकडे वळताना तोही जीडीएमकडे परतला. केडीईचे प्लाझ्मा वापरणाऱ्यांना एसडीडीएम सोयीचा.

जीडीएमचा पडदा सुबक असतो व दृष्टी अधू असणाऱ्यांसाठी मोठी अक्षरे, पडदा वाचून दाखवणारा आवाज अशा सोयी त्यात आहेत. आईसाठी मला त्याचा मोह झाला. परंतु डेबियनमध्ये तो बसवताना ग्नोम शेलही सोबत येते. पाहुण्यास बोलावले आणि त्याचे सारे बिऱ्हाड आले, असा प्रकार! आमच्या अशक्त यंत्रास तो भार परवडणारा नव्हता.

म्हणून लाइटडीएमच ठेवला आणि त्यास थोडे शिकवले. त्याचा दिसणारा पडदा, ज्यास ग्रीटर म्हणतात, हा स्वतंत्र भाग असतो व तोही बदलता येतो. जीटीके ग्रीटरसाठी सेटिंग्जची लहानशी खिडकी मिळते. तेथे अक्षरे मोठी केली, मागचे चित्र काढून साधा गडद रंग दिला. डेबियनमध्ये लाइटडीएम सदस्यांची नावे मुळात लपवून ठेवतो. कार्यालयात ते योग्यच आहे, परंतु आईला रोज आधी स्वतःचे नाव टंकित करावे लागले असते. ती एक ओळ बदलल्यावर चौघांची नावे यादीत दिसू लागली.

एक अडचण राहिली. आई देवनागरीत लिहिते. प्रवेशाच्या पडद्यावर कळफलक कोणत्या लिपीत आहे हे सहज लक्षात येत नाही आणि पासवर्डाची अक्षरे तर ठिपक्यांआड झाकलेली. पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश नाकारला जाण्याचे हे नेहमीचे कारण होय. म्हणून त्या पडद्यावर इंग्रजी कळफलकच ठेवला व पासवर्डही त्याच लिपीतला घ्यावा असे तिला सुचवले. तो कोणता, हे मी विचारले नाही.

कोणास बदल करून पाहायचा असेल तर नवा पहारेकरी नीट काम करतो असे दिसेपर्यंत जुना काढून टाकू नये. दोन्ही बसवलेले असले तरी एका वेळी एकच काम पाहतो. कोणता, हे डेबियन बसवतानाच विचारते. पडदा काळाच राहिला तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबावे. अक्षरी पडदा येतो व तेथून जुन्यास परत बोलावता येते.

आईला एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागली. हे कुलूप दाराचे आहे, भिंतीचे नव्हे. जाणकाराने पेनड्राइव्हवरून दुसरे लिनक्स चालवले तर डिस्कवरील लिखाण वाचता येते. ते टाळायचे तर डिस्कच कूटबद्ध करावी लागते. ती म्हणाली, "घरात कोण एवढे करणार? दार लोटलेले दिसले म्हणजे झाले."

पासवर्ड विसरलाच तर प्रशासकाच्या खात्यातून नवा देता येतो, पण कीरिंगची पेटी जुन्याच पासवर्डाने उघडते. म्हणून आईने तो कागदावर लिहून कपाटात ठेवला आहे. कपाटाची किल्ली तिच्याकडेच असते.