वरून ग्लोव्ह असतोच ना!

केबिन रोडच्या टपरीवर एक जिमवाला मित्र म्हणाला, "हाताच्या पट्टीत थोडं प्लास्टर घातलं तर काय बिघडतं? वरून ग्लोव्ह असतोच ना!"

बिघडतं, राजा. पट्टी असते मारणाऱ्याची हाडं सांभाळायला. कापड दबतं, त्यामुळे धक्का लांबतो, पसरतो (फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स आठवा). पट्टी कडक केली की तोच धक्का कमी वेळात, कमी जागेवर. शिवाय स्वतःचा हात मोडायची भीतीही गेली. हाणा बिनधास्त!

१९८३ मध्ये पॅडिंग काढलेल्या ग्लोव्हने लुईस रेस्टोने बिली कॉलिन्सचे डोळे कायमचे अधू केले. पट्ट्याही प्लास्टरच्या होत्या, हे त्यानेच पुढे कबूल केलं. निदान तो तुरुंगात तरी गेला.

जानेवारी २००९, लॉस एंजेलिस. शेन मोझलीचा कोच नाझिम रिचर्डसनने झुंजीआधीच मार्गारिटोच्या पट्ट्यांतले कडक तुकडे पकडले. तपासणीत कॅल्शियम आणि गंधक निघालं, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसचा मसाला. 'कोचने बांधलं, मला माहीत नव्हतं' म्हणे! च्यायला, बुटात खडा गेला तर मला भाईंदर स्टेशन गाठवत नाही, आणि ह्याला मुठीतलं कळलं नाही? लायसन्स गेलं खरं, पण नोव्हेंबर २०१० मध्ये गडी टेक्सासमध्ये पॅकियाओसमोर उभा, तोही वर्ल्ड टायटलसाठी!