तेलकंपनीची नाटके

'या कार्यक्रमाचे प्रायोजक आहेत...' हे शब्द आपल्या घरात शिरले ते १९८४ मध्ये, 'हम लोग'बरोबर. नूडल्सच्या पाकिटावर मालिका चालते याचे तेव्हा केवढे नवल वाटले होते! पण नूडल्सवाला निदान नूडल्स तरी विकतो. तेलकंपनीला नाटके दाखवून काय विकायचे असते?

अमेरिकेत पीबीएस ही सार्वजनिक दूरदर्शन सेवा १९७० मध्ये सुरू झाली. सरकारी अनुदान, प्रेक्षकांच्या देणग्या आणि कार्यक्रमाआधी नुसते नाव झळकवणाऱ्या कंपन्या, यांवर तिचा संसार. १९७१ पासून मोबिल या तेलकंपनीने 'मास्टरपीस थिएटर'चा खर्च उचलला. अ‍ॅलिस्टर कुक खुर्चीत बसून ओळख करून देत आणि मग एकाहून एक सुरेख ब्रिटिश मालिका सुरू होत. थट्टेखोरांनी पीबीएसचे बारसेच केले, 'पेट्रोलियम ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस'!

१९८० साली मात्र वाजले. सौदी राजकन्येला झालेल्या देहदंडावरचा 'डेथ ऑफ अ प्रिन्सेस' हा चित्रपट पीबीएस दाखवणार होती. मोबिलचे हितसंबंध सौदी तेलात गुंतलेले. कंपनीने वृत्तपत्रात जाहिरात देऊन वाहिनीला फेरविचार करायला सुचवले. पीबीएसने चित्रपट दाखवलाच. शाबास! पण प्रायोजक दुखावेल म्हणून जे विषय कोणी सुचवलेच नसतील, त्यांची मोजदाद कोण ठेवणार?

मार्च १९८९ मध्ये एक्झॉनचे जहाज अलास्काच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळले. सुमारे १ कोटी १० लाख गॅलन तेल समुद्रात सांडले, लाखो पक्षी मेले. १९९९ मध्ये एक्झॉन आणि मोबिल एक झाल्या, आणि तेच नाव त्या देखण्या मालिकांच्या आधी दिसू लागले, थेट २००४ पर्यंत. याच कंपनीने २००० साली वृत्तपत्रात जाहिरात देऊन हवामानबदलाच्या शास्त्राबद्दल शंका पेरल्या होत्या. एकीकडे संस्कृती, दुसरीकडे हे!

तरी सगळा दोष वाहिनीच्या पदरात घालवत नाही. २०२५ मध्ये अमेरिकी संसदेने सार्वजनिक प्रसारणाचे मंजूर अनुदानही काढून घेतले. रिकाम्या तिजोरीने कोणाकोणाला नाही म्हणायचे?

एके काळी गणपतीच्या मंडपाच्या कमानीवर गुटख्याचे नाव झळकायचे. ते काढा म्हणणारे पुष्कळ होते. 'त्याऐवजी ही घ्या जास्तीची वर्गणी' म्हणणारे आमच्या आळीत तरी कोणी निघाले नाही. मीसुद्धा नाही.